कयाकमध्ये बसताना डोक्यावर काय? ऊन-पावसाची टोपी कशी निवडावी

टोपी घ्यायला इंदूरच्या राजवाड्यावर, बाजारात जाण्याआधी एक काम करा. भर दुपारी गच्चीवर परात ठेवा, काठोकाठ पाणी भरा, घरात असेल ती टोपी घाला आणि परातीसमोर मांडी घालून बसा. दोन मिनिटांत कळेल की वल्हवताना ऊन फक्त वरून येत नाही. हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या खालच्या बाजूला, चष्म्याच्या काचेच्या आतल्या अंगाला, सगळीकडे ती झळाळी पोचते. आता टोपीच्या काठाची खालची बाजू पाहा. ती पांढरी किंवा पिवळी असेल तर परातीतला उजेड तिच्यावर आपटून सरळ डोळ्यांत येतो. काळी किंवा गडद निळी असेल तर तिथेच विझतो. दुकानात टोपी हातात घेतल्यावर मी आजही आधी ती उलटी करून पाहते. वरून फिकट, खालून गडद: हे नसेल तर पुढचं काही बघतच नाही.

कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या अरुंद नावेत, आपण पाण्याला अगदी लागून बसतो, आणि समोरची परात इंदूरजवळच्या चोरलच्या तलावाएवढी असते. एक गोष्ट मात्र स्पष्ट करून ठेवते, कारण पाण्यावरून उलटलेल्या उन्हानेच कातडी भाजते असं बरेचदा ऐकायला मिळतं. पाण्यावरून उलट येतो तो मुख्यतः डोळ्यांना त्रास देणारा उजेड. कातडी भाजणारी अतिनील किरणं पाणी फार थोडी परतवतं, सूर्य डोक्यावर असताना दहा टक्क्यांहूनही कमी. टोपीखाली चेहरा भाजतो तो जास्त करून उघड्या आकाशामुळे. हवेत विखुरलेली अतिनील किरणं चारी बाजूंनी येतात, आणि तलावाच्या मध्यावर ना झाड असतं ना भिंत. म्हणून टोपी कितीही चांगली असली तरी नाक, कानाच्या पाळ्या, हनुवटीची खालची बाजू आणि हातांच्या पाठी यांना तीस किंवा त्याहून जास्त एसपीएफचं सनस्क्रीन लावायचं, आणि दर दोन तासांनी पुन्हा.

आधी सूर्याचा हिशेब

इंदूर साधारण २२.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला, उज्जैनच्याही थोडं वरून जातं. त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या पहिल्या आठवड्यात सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा दुपारी उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच गोळा होते. ही दुपारही घड्याळातल्या बाराची नव्हे. भारतीय प्रमाणवेळेची रेषा आपल्या बरीच पूर्वेला असल्यामुळे इंदूरची खरी माध्यान्ह साडेबाराच्या आसपास असते. म्हणजे 'अकराला परत फिरू' हा बेत बरा, आणि 'दोनला निघू' हा वाटतो तितका उशिराचा नाही.

आता टोपीचा हिशेब. सूर्य ४५ अंशांवर असताना काठ जितका रुंद, तितकीच सावली काठाच्या खाली पडते. साडेसात सेंटिमीटरचा काठ, साडेसात सेंटिमीटर सावली. उन्हाळ्याच्या दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा तेवढाच काठ सगळा चेहरा आणि मानही झाकतो. पण डिसेंबरात आपल्याकडे सूर्य भर दुपारीही फक्त ४४ अंशांपर्यंत चढतो. तोच काठ आता जेमतेम नाकापर्यंत सावली देतो, खालचे गाल आणि हनुवटी उघडीच राहतात. नाताळच्या सुट्टीत इंदिरा सागर जलाशयाकाठच्या हनुवंतियाला जाऊन आलेले लोक ओठाखालची कातडी सोललेली घेऊन परततात आणि म्हणतात, 'अरे, थंडी होती, ऊन कुठे होतं?' हिवाळ्यात अतिनील किरणं कमी असतात, नसतात असं नाही.

नदीवर दिशेचाही विचार करा. महेश्वरला नर्मदा साधारण पश्चिमेकडे वाहते आणि हिवाळ्यातला दुपारचा सूर्य दक्षिणेला असतो. प्रवाहाबरोबर गेलात तर डावा गाल आणि डावा कान भाजणार, परतताना उजवा. पुढे चोच असलेली क्रिकेटची कॅप इथे दोन्ही वेळा नापास होते, कारण ती कानांना काही म्हणजे काही देत नाही.

काठ किती, आणि कुठे

मोठ्या माणसासाठी किमान साडेसात सेंटिमीटर, मऊ बकेट हॅट असेल तर किमान सहा. दुकानात पट्टी नसते, म्हणून घरीच आपल्या मधल्या बोटाचं माप काढून ठेवा. माझं बोट साडेसात भरतं, त्यामुळे बोट काठावर आडवं ठेवलं की झालं.

'मग बारा सेंटिमीटरचा का नको?' माझ्या भाच्याने विचारलं होतं. कारण मला त्याचं उत्तर नर्मदेने दिलं आहे. पहिल्या वर्षी मार्चमध्ये मी महेश्वरला एक देखणी, गवताची, परातीएवढ्या काठाची टोपी घालून कयाकमध्ये बसले. सकाळी सगळं छान. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला. तो प्रवाहाच्या उलट वाहतो, त्यामुळे पाणी खडबडीत होतं, आणि वारा नेमका समोरून काठाखाली शिरतो. आधी टोपी मागे उलटली, मग मान मागे ओढली जाऊ लागली, मग मी एका हाताने टोपी आणि एका हाताने वल्हं धरलं. एका हाताने वल्हवलेली कयाक कुठे जाते ते सांगायला नको. टोपी गेलीच. घाटाकडे येणाऱ्या एका नाववाल्याने ती बांबूने उचलून आणून दिली आणि म्हणाला, "दीदी, ये टोपी नहीं है, पाल है." खरंच शीड होतं ते.

तर साडेसात ते नऊ. त्याहून मोठा काठ फक्त शांत सकाळी, छोट्या तलावात.

मागच्या काठाची गोष्ट वेगळी. लाइफ जॅकेट घालून, कयाकच्या सीटवर बसल्यासारखं जमिनीवर पाय पसरून बसा आणि आकाशाकडे पाहा. टोपीचा मागचा काठ जॅकेटच्या कॉलरला टेकला की पुढचा काठ डोळ्यांवर येतो. वल्हं मारताना खांदे फिरतात, आणि प्रत्येक वेळी टोपी एक टिचकी खाते. तासाभरात वैताग येतो. यावर दोन उपाय आहेत. मागचा काठ मऊ, दुमडणारा घ्या. किंवा कॅपला मागे कापडाची झालर असलेली टोपी घ्या, जी मान आणि कान झाकते आणि जॅकेटवर नुसती पडून राहते. ही झालरवाली टोपी दिसायला पाटबंधारे खात्यातल्या मुकादमाची वाटते, पण पाठीला उंच टेकण असलेल्या सीटवर तिच्यासारखी दुसरी नाही. झालर कानांवर घट्ट बसणारी मात्र नको, मागच्या नावेतली हाक ऐकू आली पाहिजे.

ज्यांचे केस लांब आहेत त्यांनी आंबाडा किंवा वेणी घालूनच टोपी घालून पाहावी. उंच आंबाड्यावर टोपी तरंगते आणि पहिल्या झुळकीत सुटते, म्हणून पाण्यावर जायच्या दिवशी केस मानेशी खाली बांधा. चष्मा लावत असाल तर तोही दुकानात घालून पाहा, टोपीची पट्टी आणि चष्म्याची काडी कानावर एकाच जागी दाबत असतील तर दोन तासांनी डोकं ठणकतं.

नाववाले स्वतः टोपी घालत नाहीत, ते सुती गमछा भिजवून डोक्याला गुंडाळतात. एप्रिल-मे महिन्यांत डोकं थंड ठेवायला त्याहून चांगलं काही मी वापरलेलं नाही. कोरड्या हवेत ओल्या सुती कापडातलं पाणी सतत उडत राहतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. पण गमछाला काठ नसतो, डोळ्यांवर सावली नसते. मी टोपीखाली ओला रुमाल ठेवते, आणि दर अर्ध्या तासाने नदीत बुचकळते. आणि हो, महेश्वरी ओढणी डोक्यावरून घेऊन नावेत बसलं की फोटो सुरेख येतो, पण उन्हाला ती तलम विण अडवत नाही.

कापड

टोपी सूर्याकडे धरून आतून पाहा. उजेडाचे ठिपके दिसत असतील तर किरणंही तिथूनच येणार. वायुवीजनासाठी माथ्यावर जाळी असते ती बघायला आकर्षक, पण विरळ केस असलेल्यांच्या टाळूवर आणि बायकांच्या भांगात ती जाळीचा नकाशा भाजून ठेवते. जाळी हवी तर बाजूला, कानांच्या वर. माथा बंदच हवा.

लेबलवर यूपीएफ ५० लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ इतकाच: पडणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे पन्नासावा भाग, म्हणजे दोन टक्के, कापडातून आत येतो. हा आकडा कापडाचा आहे, टोपीचा नाही. यूपीएफ ५० च्या चिंधीएवढ्या काठाची टोपी तुमचे कान वाचवणार नाही. तसंच जुनी, ताणलेली, धुऊन विरविरीत झालेली टोपी नवीन असतानाचा आकडा मिरवू शकत नाही.

सुती की नायलॉन? उन्हाळ्यात सुती, कारण वर सांगितलेला ओलाव्याचा फायदा. पण ओली सुती टोपी जड होते, काठ लोंबतो आणि ती सावकाश वाळते. थंडीत किंवा पावसात ती डोक्यावर गार पोतेरं बनते. नायलॉन किंवा पॉलिस्टर लगेच वाळतं, काठ उभा राहतो, घडी करून जॅकेटच्या खिशात जाते. एकच टोपी घ्यायची असेल तर मी नायलॉनची सांगेन.

काठात काय भरलंय ते दाबून पाहा. स्वस्त टोप्यांच्या चोचीत पुठ्ठा असतो. काठ जरासा वाकवला की कुरकुर आवाज येतो. पहिल्याच भिजण्यात तो पुठ्ठा लगदा होतो. फोम किंवा प्लास्टिकची पट्टी असेल तर काठ वाकून परत जागेवर येतो, आणि फोमचा दुसरा फायदा म्हणजे टोपी तरंगते.

दोरी: असावी, पण सुटावी

दोरीशिवाय टोपी पाण्यावर नेऊ नका हे मी नर्मदेत शिकले. पण दोरी कशी हवी हे त्याहून महत्त्वाचं आहे. हनुवटीखाली बांधायची दोरी गाठीची नको. नाव उलटली आणि दोरी फांदीत किंवा नावेच्या दोरात अडकली तर ती जोराने ओढल्यावर सुटली पाहिजे. दाबून सरकणारा मणी असलेली दोरी घ्या, आणि शक्य असेल तर मध्ये झटक्याने उघडणारी पिन असलेली. तयार टोपीला साधी गाठीची दोरी असेल तर शिवणसामानाच्या दुकानातून असा मणी आणि पिन आणून घरी बसवता येते. दोरी हातात धरून एक झटका द्या. पिन उघडली नाही तर ती कामाची नाही.

दुसरी रीत मला जास्त आवडते. टोपीच्या मागच्या बाजूला वीतभर दोरी शिवायची आणि तिच्या टोकाला छोटी क्लिप, जी शर्टच्या कॉलरला लागते. वाऱ्याने टोपी उडाली तर पाठीवर लोंबकळते, गळ्याभोवती काही नसतं.

कूलरची परीक्षा, बादलीची परीक्षा

घेतलेली टोपी आधी घरात परखून घ्या. मोठा कूलर पूर्ण वेगाने लावा, पाण्याचा पंप बंद. टोपी घालून त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे राहा. सरळ पाहा, मग खाली पाहा, मग मान वर करा, मग कूलरकडे कुशी करा. काठ उलटून डोक्याला चिकटत असेल तर तो फार मऊ. टोपी सगळीच वर उचलली जात असेल तर घेर मोठा आहे. मागची पट्टी आवळा. आवळल्यावर कपाळावर वळ उठत असेल तर माप चुकलंय. डोक्याचं माप भुवयांच्या आणि कानांच्या बोटभर वरून टेपने घ्या, आणि त्याहून अर्धा ते एक सेंटिमीटर मोठी टोपी शोधा. पट्टी आवळता येते, लहान टोपी वाढवता येत नाही.

मग बादली. टोपी पाण्यात पूर्ण बुडवून सोडा. वर येते का पाहा. दहा मिनिटांनी अजून वर असेल तर उत्तम. मग बाहेर काढून न पिळता तशीच डोक्यावर घाला. आमच्या घरी हे करताना आईने मला न्हाणीघरातून हाकललं होतं, पण काठातून पाणी नक्की कुठे गळतं ते याशिवाय कळत नाही. डोळ्यांसमोर ओघळत असेल तर पुढचा काठ लोंबतोय. मानेत जात असेल तर मागचा आखूड आहे. शेवटी रंग: बादलीतलं पाणी रंगलं असेल तर तुमचा पांढरा शर्टही रंगणार.

पाऊस

ऊन आणि पाऊस यांची मागणी परस्परविरोधी आहे. उन्हाला हवा खेळणारी टोपी लागते, पावसाला पाणी न झिरपणारी, आणि पाणी न झिरपणारी टोपी घामही आत अडवते. दोन्हींचा दावा करणाऱ्या टोप्या असतात, चांगल्याही असतात. पण इंदूरच्या जूनमध्ये, पहिल्या सरीच्या आधीच्या उकाड्यात, त्या डोक्यावर इडलीपात्र होतात. म्हणून मी दोन टोप्या नेते, दुसरी डेक बॅगेत, म्हणजे कयाकच्या वर बांधलेल्या पिशवीत, घडी करून.

पावसाच्या टोपीचा आकार वेगळा. खलाशांची जुनी साउथवेस्टर टोपी आठवा: पुढचा काठ आखूड, मागचा लांब आणि उतरता. पाणी मानेत न जाता जॅकेटवर पडावं म्हणून. आपल्याकडे भातलावणीच्या बाया डोक्यावरून पाठीवर इरलं घेतात त्यामागेही तोच विचार आहे, पाठ वाकलेली असताना पाणी मागे जायला हवं. वल्हवतानाही आपण किंचित पुढे वाकलेले असतो. चष्मा असेल तर मात्र पुढचा काठ किमान सहा-सात सेंटिमीटरचा आणि ताठ हवा, कारण काचेवर थेंब बसले की पुढचा खडक आणि म्हशीचं डोकं यांत फरक कळत नाही.

वेगळी टोपी घ्यायची नसेल तर स्वस्त युक्ती: चोचवाली कॅप आणि तिच्यावर रेनकोटचं हूड. नुसतं हूड असलं की मान वळवली तरी ते समोरच पाहत राहतं आणि आपण त्याच्या आत पाहतो. कॅपवर ते चढवून दोऱ्या आवळल्या की मानेबरोबर फिरतं. पाऊस थांबला की हूड मात्र गुंडाळून ठेवा. मोकळं लोंबणारं हूड नाव उलटल्यावर पाण्याने भरतं आणि मागे ओढतं.

शिवण आतून पाहा. शिवणीवर पातळ टेप चिकटवलेली असेल तरच ती टोपी पाण्याची, नाहीतर सुईच्या प्रत्येक भोकातून गळणार. टेप नसलेल्या, नुसत्या लेप दिलेल्या कापडावर पाणी काही दिवस मोत्यासारखं घरंगळतं, मग कापड ते शोषू लागतं. सुती टोपीला घरगुती उपाय आहे: मेणबत्ती चांगली घासा आणि हेअर ड्रायरने गरम करा, मेण कापडात मुरतं. टोपी जराशी ताठ आणि बरीच गरम होते, मावठ्याच्या, म्हणजे हिवाळ्यातल्या पावसाच्या, दिवसांना ठीक.

मावठा हाच खरा परीक्षक. जानेवारीत ओलं डोकं आणि वारा एकत्र आले की अर्ध्या तासात दात वाजू लागतात. त्या दिवसांत पाणी न झिरपणाऱ्या टोपीखाली लोकरीची पातळ टोपी घाला, लोकर ओली झाली तरी बरीच ऊब देते.

आणखी एक, पातळ ढगांच्या दिवशी उन्हाची टोपी घरी ठेवू नका. अशा ढगांतून अतिनील किरणं बहुतेक आरपार येतात, फक्त ऊब लागत नाही, म्हणून भाजल्याचं संध्याकाळी कळतं.

जिथे टोपी चालत नाही

महेश्वरच्या खाली सहस्रधारा आहे. खडकांतून नर्मदा तिथे असंख्य धारांनी धावते. २०२३ मधल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांची कॅनो स्लॅलम, म्हणजे खळाळत्या पाण्यातली नावांची शर्यत, तिथेच झाली. अशा पाण्यात हेल्मेट, टोपी नाही. हेल्मेटखाली काठाची टोपी बसत नाही, आणि बसवली तर हेल्मेट सैल होतं. तिथे सनस्क्रीन आणि मानेला पातळ गळपट्टी, बस. दोरी-क्लिप काहीही नाही.

गडगडाट ऐकू आला तर कुठलीच टोपी कामाची नाही. काठावर या, आडोसा पक्क्या छताचा, झाडाचा नाही, आणि शेवटचा गडगडाट झाल्यापासून अर्धा तास थांबा. भर पावसाळ्यात नर्मदेत तर उतरायचंच नाही. वर ओंकारेश्वरचं धरण आहे, पाणी सोडलं की पातळी चढते, आणि घाटावरच्या माणसांना विचारल्याशिवाय नाव सोडणं हे बाकीच्या ऋतूंतही शहाणपणाचं नाही.

घरी आल्यावर

घामाचं मीठ कापड आणि लेप दोन्ही खातं, म्हणून दरवेळी साध्या पाण्यातून काढा. वॉशिंग मशीन नको, काठ मोडतो. पिळू नका, उलट्या पातेल्यावर घालून सावलीत वाळवा, म्हणजे डोक्याचा गोल आकार टिकतो. ओली टोपी बॅगेत राहिली की पावसाळ्यात दोन दिवसांत काळे ठिपके धरते आणि मग तो वास जात नाही. पावसाच्या टोपीचा लेप आतून पापुद्र्यांसारखा सुटू लागला की ती बाजूला काढा. माझी अशी एक टोपी आता आईकडे आहे, ती घालून ती सकाळी कुंड्यांना पाणी घालते.